पाच मुलं, चार मुलं, पुन्हा पाच

मार्था आजींच्या आईने एका हिवाळ्यात पोरं कशी जगवली, ते आजींनी मला सांगितलं, आणि मी त्यापुढे ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारला. तोंडी नव्हे, लेखी. तक्ता आखून, अनुक्रमांक घालून, आणि तो कागद नेमका त्यांच्याच मुलीच्या हाती पडेल अशी व्यवस्था करून. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण समास सोडून टाइप केलेला हा एवढाच.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. नागपूरहून परदेशी येऊन सहा महिने झाले होते आणि आंग मो किओला सुजाताताईच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हॉलमधला सोफा रात्री माझा आणि दिवसा सगळ्यांचा. घरात ताई, भाऊजी आणि सहा वर्षांची भाची प्रज्ञा. वरच्या मजल्यावर कोणीतरी दिवसभर गोट्या घरंगळवल्यासारखा आवाज करायचं, खालून भंगारवाल्याचा भोंगा यायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर भाऊजींचे शर्ट हात पसरून वाळत असायचे. माझी नोकरी जवळच्याच इंडस्ट्रियल पार्कमध्ये होती. मेलेल्या चिपा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या कशाने मेल्या ते शोधायचं, हे काम. गिऱ्हाईक म्हणायचं, माल आला तेव्हाच मेलेला होता. कारखाना म्हणायचा, तुम्हीच मारलात. आमचा साहेब म्हणायचा, चिप खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. मग मी रिपोर्ट लिहायचा, तीन रकाने: दावा, पडताळणी, निष्कर्ष. ही सवय दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. मी मासळीवालीचा तराजू तपासायचो, दुधाच्या डब्यावरची तारीख दोनदा वाचायचो. ताई म्हणायची, “हा पोळीसुद्धा उलटून पाहतो, खाली काय लपवलंय म्हणून.”

त्यातून ते दिवस साथीचे. सगळं शहरच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होतं. ऑफिसात दिवसातून दोनदा ताप मोजायचा, प्रज्ञाच्या शाळेने प्रत्येक पोराला थर्मामीटर दिलेला. लिफ्टमध्ये कोणी खोकलं की बाकीचे सगळे बटणांचा अभ्यास करायला लागायचे. संशय घेणं हे तेव्हा नागरिकाचं कर्तव्यच होतं, आणि मी मुळातच कर्तव्यदक्ष.

शेजारच्या फ्लॅटमध्ये ॲना राहायला आली ती भाऊजींच्या कंपनीत तीन-चार महिन्यांच्या कामासाठी. अलास्काच्या अगदी वरच्या टोकाकडची, समुद्रकाठच्या गावातली इंजिनिअर. बरोबर तिची बहात्तर वर्षांची आई, मार्था. भाऊजींनी घरी येऊन जाहीर केलं, “शेजारी एस्किमो आलेत.” ॲनाने पहिल्याच चहाला हसत दुरुस्ती केली, “आम्ही स्वतःला इनुपियाट म्हणतो.” भाऊजी ओशाळले. मी मनात नोंद केली: नाव बदललं.

माझ्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातलं चित्र होतं. बर्फाचं घुमटासारखं घर, केसाळ कपडे, हातात मासा. मार्था आजी यातल्या कशातच बसेनात. फुलाफुलांचा सुती झगा, त्याला मागे टोपी आणि पुढे पोटावर मोठा खिसा. खिशात पत्ते. पाय पाण्याच्या बादलीत बुडवून त्या प्रज्ञाशी पत्ते खेळायच्या आणि सरळसरळ लबाडी करून जिंकायच्या. पत्त्यांत जी बाई सहा वर्षांच्या पोरीला फसवते ती मला सोडेल काय, असं माझं तर्कशास्त्र. मी विचारलं, “तुम्ही बर्फाच्या घरात राहायचात ना?” त्यांनी नाक मुरडलं. मला वाटलं, ताई सुकट भाजतेय त्याचा वास लागला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “अंगणात अस्वल यायचं हे खरं?” त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. पुढे एक शब्द नाही. म्हणजे टाळाटाळ. प्रज्ञा म्हणाली, “मामा, eyebrow up means yes, nose means no lah. So easy.” पण सहा वर्षांचा साक्षीदार मी ग्राह्य धरला नाही.

आमच्या स्वयंपाकघरात मार्था आजी रोज दुपारी येत. ताई बाजारातून इकान बिलिस आणायची, म्हणजे बोटाएवढे सुके मासे. त्यांची डोकी चिमटीने तोडायची, पोट साफ करायचं आणि कांदा-लसणावर परतायचं. ताईने कधी बोलावलं नाही, आजींनी कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्या स्टूल ओढून बसल्या आणि ताईच्या दुप्पट वेगाने डोकी तोडायला लागल्या. आणि तोडता तोडता, कोणाकडेही न बघता, एक दिवस मी तिथे असताना बोलायला लागल्या.

ताईने ते ॲनाला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी ॲनाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हणाली, “आईच्या लहानपणी एक वाईट हिवाळा होता, एवढंच मला माहीत आहे. तिने तो कधी सांगितला नाही आणि आमच्यात म्हाताऱ्या माणसाला विचारत नाहीत. सांगायचं तेव्हा ते सांगतात. तिचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, परत गेल्यावर फार दिवस धरू नका. सहा आठवड्यांनी आम्ही जातोय. मी दिवसभर कामावर असते, तुझी सकाळची पाळी, तू तीनला घरी असतोस. लिहून ठेवशील माझ्यासाठी? फक्त ऐक. मध्ये विचारू नकोस.” मी हो म्हणालो. मला वाटलं, सगळ्या बिल्डिंगमधून माझी निवड झाली ती काही उगाच नाही.

आजींचं इंग्रजी बारीक तुकड्यांचं, मध्ये लांब लांब थांबे. कधी कधी पाच मासे साफ होईपर्यंत पुढचं वाक्य येत नसे. मी वही घेऊन बसायचो. त्या आठ वर्षांच्या होत्या. वडील फासे लावून कोल्हे पकडायचे, म्हणून हिवाळ्यात गाव सोडून किनाऱ्यावर एकटंच घर. आई, वडील, पाच भावंडं. सगळ्यात मोठी बहीण तेरा वर्षांची, सगळ्यात धाकटा भाऊ चारचा. घर मातीच्या ढेकळांचं, वाहून आलेली लाकडं आणि देवमाशाच्या फासळ्या लावून उभं केलेलं. आत यायला बुटका, लांब बोगदा. थंडी त्या बोगद्यात खाली बसून राहायची, वर यायची नाही, आणि आत पोरं उघड्या अंगाने खेळायची. एक दिवस वडील कुत्र्यांची गाडी घेऊन समुद्रावरच्या बर्फात सील मारायला गेले. वारा फिरला, बर्फ किनाऱ्यापासून सुटला आणि त्यांना घेऊन गेला. आईने सगळ्यात उंच जागेवर उभं राहून दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती आत आली आणि म्हणाली, आता घरातली कामं.

ती कामं आजींनी मला चार दुपारी सांगितली. सकाळी उठलं की भावंडांनी एकमेकांचे गाल बघायचे, पांढरा ठिपका दिसला की त्यावर तळवा धरायचा. बाहेरून आलं की बोगद्यातच कपडे झोडपायचे, कारण आत बर्फ वितळला की कपडा ओला होतो आणि ओला कपडा माणूस मारतो. दिवसा कोणी आडवं व्हायचं नाही. जो जागा असेल त्याने कपडे शिवत बसायचं. सूर्य दोन महिने उगवत नाही, पण दुपारी आभाळाला निळा उजेड येतो, तेवढ्या वेळात मोठीने आणि आईने बर्फाच्या भेगेतून गळ टाकायचा. फाशात कोल्हा सापडला तर तो खायचा. सीलच्या चरबीचं तेल मात्र आईच्या ताब्यात, रोज माणशी एक चमचा, ती स्वतः भरवायची. वडिलांचं नाव तिने काढलं नाही, पण त्यांचे जादाचे बूट भिंतीला होते, त्यांच्या तळातलं सुकं गवत ती रोज बदलायची. आणि मार्थाचं काम काय, तर रात्री धाकट्याचे पाय आपल्या पोटावर घेऊन झोपायचं. “बर्फासारखे असायचे,” आजी म्हणाल्या. “मी ओरडायचे. तो हसायचा.” ताईचे हात थांबले होते. माझा हात चालू होता. मी लिहीत होतो: बाहेर उणे चाळीस, आत मुलं उघडी? तपासणे.

आज हे आठवलं की मी घरात एकटा असलो तरी इकडेतिकडे बघतो.

मी लायब्ररीत गेलो. एक जाडा ज्ञानकोश आणि दोन बालपुस्तकं, एवढ्या सामग्रीवर मी उत्तर ध्रुवाचा जाणकार झालो. पुस्तकात घर बर्फाचं, आजींचं मातीचं. पुस्तकात दोन महिने रात्र, आजींकडे दुपारी उजेड. कोल्ह्याचं मांस होतं म्हणतात, मग भूक कशी? (नुसतं चरबी नसलेलं मांस खाऊन माणूस पोट भरूनही खंगतो आणि मरतो, आईने तेलावर पहारा ठेवला तो म्हणूनच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्ञानकोशात ते त्याच पानावर खाली होतं. मी पान उलटलं नव्हतं.) पण माझा हुकमी एक्का वेगळाच. पहिल्या दिवशी भावंडं पाच. हिवाळ्याच्या शेवटाकडे आजी म्हणाल्या, “आई चार वाट्या मांडायची.” आणि पुढच्या दुपारी, बर्फ फुटल्यावर, “आम्ही पाचही जण नावेत बसून गावाला गेलो.” मी ॲनाला दिलेला शब्द मोडला. विचारलं, “आजी, चार की पाच?” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. चार की पाच, या प्रश्नाला ‘हो’. पकडली, मी मनात म्हटलं. या बाईने हे सगळं कुठेतरी ऐकलंय, आणि मुलीपुढे भाव खायला आम्हाला सांगतेय.

रात्री मी तक्ता केला. अनुक्रमांक एक ते पाच. पाचवा: दावा, भावंडांची संख्या. पडताळणी, पाच, चार, पाच, विचारल्यावर समाधानकारक उत्तर नाही. निष्कर्ष, पुरावा अपुरा, कथनकर्तीची विश्वासार्हता संशयास्पद. सगळं ऑफिसच्या इंग्रजीत. तो माझा स्वतःसाठीचा कागद होता. ऑफिसच्या प्रिंटरवर कोणी बघत नाहीसं पाहून छापला आणि आजींच्या हकिकतीची वीस पानं छापली त्याच गठ्ठ्यात तो येऊन बसला. मी गठ्ठा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि ॲनाला नेऊन दिला. मोठ्या ऐटीत.

शनिवार होता. ॲनाला सुट्टी, म्हणून तीही आमच्याकडे आली, स्टुलावर बसून आईला पानं मोठ्याने वाचून दाखवायला लागली. आजी मासे सोडून ऐकत होत्या. वडिलांच्या बुटांतल्या गवताशी ॲनाचा आवाज जरा अडखळला, ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी दाराला टेकून उभा होतो, असं काही लिहिलंय मी, अशा चेहऱ्याने. ॲनाने पान उलटलं आणि त्याच आवाजात वाचत राहिली. “अनुक्रमांक एक. दावा, मातीचं घर.” तिला वाटलं, ही पुढची पद्धत असेल. दोन. तीन. चौथ्याला तिचा वेग कमी झाला. पाचवा तिने पूर्ण वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत, कारण तोंडातून निघालेलं वाक्य मध्ये कुठे सोडायचं हे तिला सुचलं नाही. प्रज्ञाने विचारलं, “What is credibility?” आजींनी हात झटकले, झग्यावरचे खवले नीट वेचून ताटात टाकले आणि उठून आपल्या घरी गेल्या. ॲना फोल्डर तिथेच ठेवून मागोमाग.

मी ताईला म्हणालो, “बघ. पकडल्यावर गप्प झाल्या.” हे वाक्य मी खरंच बोललो. इथे गाळता आलं असतं.

ताईने गॅस बंद केला. ती चिडली की नागपूर वर येतं. “काऊन रे, तुझ्या डोक्यात किडा आहे का? आपली आजी सांगायची ना, दुष्काळात काय शिजवून खाल्लं, कोणाच्या दारात किती वेळ उभी राहिली. एकदा ती आकडा चुकली, दोन पोरांऐवजी तीन म्हणाली, तेव्हा बाबांनी काय केलं आठवते?”

“काही नाही.”

“उठून तिला पाणी दिलं. आणि शाळेतला तो मास्तर, ‘असं काही होत नव्हतं, तुम्ही लोक वाढवून सांगता’ म्हणाला होता, तेव्हा तू घरी येऊन किती रडलास? आता तू कोण झाला सांग. बाबा झाला का मास्तर झाला?”

मी सोफ्यावर जाऊन बसलो. दुपार होती, त्यामुळे सोफाही माझा नव्हता.

आजी यायच्या बंद झाल्या. एक आठवडा, दुसरा. ॲना लिफ्टमध्ये भेटली तर नमस्कार करायची, त्याहून वाईट शिक्षा नसते. एकदा म्हणाली, “ती आता माझ्याशीही त्याबद्दल बोलत नाही. एवढी जवळ आली होती.” तीन आठवडे उरले होते. माझ्या तक्त्यामुळे एका मुलीच्या आईची हकिकत तिच्या आईबरोबरच जाणार होती, आणि ती दुरुस्त करायला कुठला सुटा भाग मिळत नाही.

मग एका दुपारी मी इकान बिलिसची पिशवी घेऊन शेजारचं दार वाजवलं. पाठ केलेली माफी म्हणायला तोंड उघडलं. आजींनी नाक मुरडलं. एव्हाना मला तो शब्द येत होता. मी तोंड मिटलं. त्यांनी पिशवी घेतली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बोटाने जागा दाखवली. मी बसलो. एक शब्द न बोलता आम्ही दोघांनी अर्धा किलो मासे साफ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वही नाही, पेन नाही. माझ्यासारख्या माणसाला दोन तास काही न विचारता बसणं म्हणजे काय असतं ते माझ्या ताईला विचारा. जीभ आत वळवळत असते. तिसऱ्या दिवशी माझी डोकी तोडायची पद्धत बघून त्यांनी माझ्या हातातला मासा काढून घेतला आणि पुन्हा करून दाखवला. मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं. त्यानंतरच्या शनिवारी ॲना घरी होती, तीही येऊन जमिनीवर बसली.

आणि आजी बोलायला लागल्या. पण इंग्रजीत नव्हे. त्यांच्या भाषेत, ॲनाकडे बघून, अगदी संथ. मला उठून जावं असं वाटलं. आजींनी न बघताच माझ्यापुढे आणखी मूठभर मासे ढकलले, म्हणजे बस. तास-दीड तास मी एक अक्षर न कळता बसलो. तपासायला हाताशी काही नव्हतं, फक्त ॲनाचे हात. ते आधी मंद झाले, मग मांडीत पडून राहिले. एका ठिकाणी आजींनी आपल्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले आणि बराच वेळ तसेच धरले. मी खाली माशांकडे बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी मी पहिल्यांदा एखाद्या गोष्टीकडे न बघण्याचा निर्णय घेतला.

नंतर कॉरिडॉरमध्ये ॲना कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, “तुझं पाच, चार, पाच बरोबर होतं. धाकटा भाऊ खोकल्याने गेला, सूर्य परत यायच्या थोडं आधी. वडील त्यानंतर चार दिवसांनी किनाऱ्याने चालत आले. उन्हाळ्याच्या तोंडी, बर्फ फुटायच्या आधी, त्यांच्याकडे येऊन राहिलेल्या माझ्या आईच्या मावशीला मुलगा झाला. तिने त्याला गेलेल्या मुलाचं नाव दिलं आणि ते बाळ माझ्या आजीच्या मांडीवर आणून ठेवलं, तुझा मुलगा परत आला म्हणून. आमच्यात नाव आलं की माणूस येतो. मावशीने त्यांच्याचकडे वाढवायला दिला. म्हणून नावेत पाच. तो माझा मामा. त्याला नाव कुणाचं मिळालंय, मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, कुणा म्हाताऱ्याचं असेल.”

“आणि बाकी?” माझी जीभ. ती सुधारली नव्हती.

“बाकी माझं आहे,” ॲना म्हणाली. ते मी तिथेच सोडलं आणि इथेही सोडतो. त्या मामांचं घरातलं नाव तिने मला दोनदा म्हणून दाखवलं. ते माझ्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून लिहीत नाही.

त्या जायच्या दिवशी ताईने सुकटची चटणी बरणीत भरून दिली. खाली टॅक्सी उभी, ॲना सामान चढवत होती, प्रज्ञा आजींच्या खिशातले पत्ते मागत होती आणि आजी देत नव्हत्या. माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती. इतक्या वर्षांत मुलीला नाही, नातेवाइकांना नाही, आणि सुरुवात केली ती माझ्याजवळ. त्या गुपिताचं काहीतरी कारण माझ्यातच असणार, असं माझं मत तोवर पुन्हा बरंच सावरलं होतं. मी वाकून विचारलं, “आजी, तुम्ही मलाच का सांगायला लागलात?”

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुझा चेहरा बघून वाटलं,” त्या म्हणाल्या, “तुला फारसं काही कळणार नाही.”